नवव्या मैलाचे राजाभाऊ

मैलकुली म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांनाही समजावून सांगावं लागतं. सडकेच्या एका मैलाला एक माणूस असायचा. त्या मैलातले खड्डे त्याचे, सडकेखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या त्याच्या, काठची झाडं त्याची आणि मैलाचा दगडही त्याचा. गावात त्याला आडनाव कुणी विचारायचं नाही. 'त्यो नवव्या मैलाचा' एवढं म्हटलं की झालं. राजानंद तसा नवव्या मैलाचा. त्याच्या आधी त्याचा बाप नवव्या मैलाचा होता.

आत्ता 'त्याचा' लिहिलं आणि हात थांबला. सारं गाव त्यांना अरे-तुरेच करायचं. मीही करायची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान म्हणून, आणि खरं सांगायचं तर पलीकडच्या वस्तीतले म्हणून. पुढं जालन्याहून एक बाई आली आणि त्यांना 'काका, तुम्ही' म्हणायला लागली, तेव्हा कुठं माझ्या जिभेला चटका बसला. तेव्हापासून राजाभाऊ, आणि तुम्ही. ते मला आधीपासूनच 'अक्का, तुमी' म्हणत होते. त्यांना काही नवं शिकावं लागलं नाही.

आमची सडक जालन्याहून भोकरदनला आणि तिथून जाफराबादकडं जाते. निजामाच्या राज्यात बांधलेली. मैला-मैलावर काळ्या पाषाणाचा दगड, माझ्या कमरेएवढा, डोक्याला गोल. एका अंगाला उर्दूत आकडा, दुसऱ्या अंगाला इंग्रजीत. राजाभाऊंना दोन्ही वाचता यायचं नाही, पण खाचेतून बोट फिरवलं की डोळे मिटून सांगायचे कितवा मैल ते. नववा दगड माझ्या बांधाला लागून होता. बांधावर कडुलिंब, लिंबाखाली मी आणि माझ्या दोन शेळ्या, समोर दगड, आणि दगडाच्या पलीकडं शंभर-सव्वाशे पावलांवर जुनी कमानीची मोरी. चाळीस वर्षं मी हेच पाहिलं. कंटाळा आला नाही, कारण दुसरं काही पाहायला नव्हतं.

त्या दगडापाशी राजाभाऊंचा जन्म झाला. त्यांची आई गिरजाबाई सडकेवर खडी फोडायची. दिवस भरलेले, तरी कामावर. कळा आल्या तेव्हा धरायला दुसरं काही नव्हतं, तिनं दगडाला मिठी मारली. माझ्या सासूबाई तेव्हा लिंबाखाली होत्या. त्या पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या, पण जमिनीवर ठेवून मागं सरल्या. हात लावायचा नाही अशी रीत होती तेव्हा. गिरजाबाईनं गवताच्या विळ्यानं स्वतःच नाळ कापली. सासूबाई म्हातारपणी हे पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि दरवेळी तांब्यापाशी येऊन गप्प व्हायच्या.

पोराचं नाव राजाराम ठेवलं. दुसऱ्या साली वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा बापानं घरातले शेंदराचे देव नदीत सोडले आणि राजारामाचा राजानंद केला. शाळेत मास्तरनं जन्मतारीख एक जून टाकली, जशी सगळ्यांची टाकतात. राजाभाऊ हसून म्हणायचे, "माझा जन्मदाखला हापिसात न्हाई अक्का. भाईर सडकंवर हुबा हाय, उन्हापावसात."

वर्षातून दोनदा ते त्या जन्मदाखल्याला चुना लावायचे. त्यांचा चुना म्हणजे सोहळाच. चुन्याचे खडे तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे. त्यात भाताची पेज आणि मूठभर मीठ, म्हणजे तो दगडाला धरतो, हाताला लागत नाही. घायपाताचं पान ठेचून कुंचा करायचा. आधी दगड नुसत्या पाण्यानं धुवायचा, मग खाली वीतभर गेरू, वर चुना, आणि शेवटी आकड्याच्या खाचेत काजळी. काजळी भरताना बोलायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "लेकराच्या डोळ्यात घालून राह्यला का?" तर म्हणाले, "हात हालला त नवाचा सात व्हतो. लोकं दोन मैल आधीच उतरतील मंग."

उरलेला चुना बादलीत असायचा, आणि त्यावर चार बोटं पाणी. पाणी असलं तर चुना वर्षभर ओला राहतो. ती बादली माझ्या लिंबाखाली असायची आणि पाणी घालायचं काम माझ्याकडं.

ते रिटायर झाले तेव्हा साहेबानं शाल-नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर राजाभाऊ फावडं घेऊन मोरीत उतरलेले.

"राजानंद, घरी मोनाली भाकर देत न्हाई का?" मी वरून विचारलं. मोनाली त्यांची सून.

"देती की. पण मोरीतला गाळ कोन काढतं? तुमच्या शेळ्या?"

त्यांच्या जागी दुसरा मैलकुली आलाच नाही. ती जागाच सरकारनं बंद केली. मैल तर त्याआधीच बंद झाले होते, किलोमीटर आले होते, सिमेंटचे पिवळे दगड आले. राजाभाऊ त्यांच्याकडं पाहायचेही नाहीत. म्हणायचे, "ते शिमिटाचे. त्येंचं त्ये पाहतील."

संध्या टीचर आल्या त्या शिवाजीच्या जीपमधून. शिवाजी जालना-केदारखेडा जीप चालवतो, आणि टीचर तिकडच्या शाळेत शिकवायला जायच्या. एका सकाळी जीप माझ्या लिंबासमोर बंद पडली. शिवाजी बॉनेट उघडून शिव्या देत होता, तेव्हा टीचरनं दगडाला काजळी भरणारे राजाभाऊ पाहिले. पुढच्या शनिवारी त्या मुद्दाम उतरल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाल्या, "आपण सगळे मिळून हे दगड जपू. आपण स्वयंसेवक."

मला स्वयंसेवक म्हणजे लग्नात बिल्ला लावून फिरतात ते ठाऊक. मी म्हटलं, "जेवन हाय का?" त्यावर टीचर म्हणाल्या, "डबा आपापला." तरी मी आले. रिकामी होते.

असे आम्ही चौघं: राजाभाऊ, टीचर, शिवाजी आणि मी. जीपमध्ये चौदा माणसं कोंबणारा शिवाजी, पण दगडासाठी मागची सीट काढून द्यायचा. नववा उभाच होता, तो धरून तीन वर्षांत आम्ही सहाव्या मैलापासून चौदाव्यापर्यंत नऊ दगड जागेवर आणले. एक कुणाच्या गोठ्यात दावणीला होता, एक नाल्यात पालथा. अकरावा नंदाबाईच्या न्हाणीपुढं धुणं धुवायला होता.

"बारा वर्सं धुऊन राह्यले मी त्याच्यावर," नंदाबाई कमरेला हात लावून म्हणाली. "इतका स्वच्छ दगड तुमाला सडकंवर एक तरी दिसतो का?"

"स्वच्छ हाय बराबर," राजाभाऊ म्हणाले, "पर त्याचं गाव त्याला सापडून नाही राह्यलं ना, बाई."

"आन माझं धुणं?"

शेवटी शिवाजीनं तिला शहाबादी फरशी आणून दिली, तेव्हा दगड सुटला. वरून ती म्हणाली, "पुन्हा चुकला तर इकडंच आणून टाका."

प्रत्येक दगड नेमक्या जागी बसवायचा हा राजाभाऊंचा हट्ट. साखळी धरून मोजायचे, मोऱ्या मोजायचे, झाडं मोजायचे. हातभर इकडं झाला तरी पुन्हा काढायला लावायचे. शिवाजी वैतागायचा, "काका, हातभरानं कोन मरतं?" राजाभाऊ म्हणायचे, "मरत कोनी न्हाई. पर दगड खोटं बोलतो."

आणि एकदा, बारावा दगड बसवून आम्ही डबे खात होतो, तेव्हा ते सहज बोलले. "माझ्यामागं फोटोबिटो लावू नका म्हन्लं मी घरी. नवव्या दगडाला एक हात चुना लावायचा. बस." मोनालीनं हो म्हटलं होतं म्हणे. आम्हीही हो म्हटलं. त्यात काय अवघड होतं?

मग सडक चारपदरी व्हायचं ठरलं.

आधी खुंट्या आल्या, मग झाडांवर लाल फुल्या. माझ्या लिंबावरही फुली. ठेकेदाराचा इंजिनियर अपूर्व, पुण्याकडचा पोरगा, वाईट नव्हता. माझ्याकडचं ताक प्यायला आणि वर 'आजी, छान' म्हणाला. राजाभाऊंशीही नीट बोलला.

"आजोबा, आम्ही हे दगड जपून काढून देतो. तुम्ही ग्रामपंचायतीपुढे एका ओळीत मांडा. नऊच्या नऊ. छान दिसतील."

राजाभाऊ म्हणाले, "सायेब, नऊ मैल एका वळीत ठिवले त मंग मैल कुठं ऱ्हायला?"

"म्हणजे?"

"जाग्यावरनं हालला की त्यो मैलाचा दगड न्हाई. मंग त्याच्यावरचा आकडा म्हंजी खोटी साक्ष."

पोरगा नकाशाची घडी घालायला लागला. म्हणाला, "माझ्या हातात नाही." ते खरं होतं. कुणाच्याच हातात नव्हतं. टीचरनं तीन अर्ज लिहिले, आम्ही चौघांनी सह्या केल्या. एकाचं उत्तर आलं, की सदर दगड जतनाच्या यादीत नाहीत. यादी दुसऱ्या ऑफिसात. दुसऱ्या ऑफिसानं सांगितलं, दगड सडकेच्या हद्दीत, म्हणजे पहिल्या ऑफिसाचे. टीचर शाळा बुडवून दोन्हीकडं फिरल्या. दोन्हीकडं त्यांना बसायला खुर्ची मिळाली. बाकी काही मिळालं नाही.

सहावा दगड भरावाखाली गेला. आठवा फुटला. चौदावा, तेरावा, बारावा एका आठवड्यात गेले. नंदाबाईचा अकरावा डंपरनं मागं येताना मोडला. तिनं न्हाणीतून पाहिलं, आणि टीचरला पाहून एवढंच म्हणाली, "माझ्याकडं असता त ऱ्हायला असता." दिवाळीपर्यंत नववा तेवढा उरला. माझा बांध आणि लिंब शेवटी घ्यायचे होते म्हणून उरला, दुसरं कारण नाही.

आता माझी गोष्ट येते, म्हणून जरा पाणी पिऊन लिहिते.

सातव्या मैलाच्या अलीकडं एक म्हसोबा होता, शेंदूर लावलेला, वीतभर. मी जीपमधून जाताना पाहिलं. पोकलेन त्याच्यापाशी आलं, चालवणारा खाली उतरला, हात जोडले, नारळ मागवला आणि चार हात सोडून पुढं खोदायला लागला. सातवा मैलाचा दगड त्याच्याच शेजारी होता. तो एका धक्क्यात गेला.

शनिवारी लिंबाखाली मी म्हटलं, "नवव्याला शेंदूर लावू. कोन हात लावतो पाहू."

शिवाजीनं मांडीवर थाप मारली. "अक्का, तुमी त वकील व्हायला पायजे व्हत्या!"

टीचर राजाभाऊंकडं पाहत राहिल्या. राजाभाऊ बादलीतला चुना काठीनं ढवळत होते. ढवळतच राहिले.

"न्हाई," ते म्हणाले.

"काहून न्हाई? वाचंल की."

"माझ्या बापानं शेंदराचे देव पान्यात सोडले, अक्का. त्याच्याच मैलावर मी शेंदूर लावू? आन शेंदूर चढला की आकडा दिसायचा न्हाई. मंग वाचलं काय?"

"खाली आकडा ऱ्हाईल ना. सडक झाली की धुऊन टाकू."

"बिलकुल नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. कधीच चढायचा नाही. "चुना लावा. पडला त पडंल. पर मैल म्हनून पडंल."

मला ते पटलं नाही. मला वाटलं, माणूस हट्टी आहे, आपला दगड आपणच घालवायला निघालाय, आणि मी शहाणी. सोमवारी पोकलेन येणार होतं. सोमवारी उजाडताना मी देवघरातली शेंदराची पुडी घेतली, शेंदूर तेलात कालवला, आणि दगडाला थापला. चांगला जाड. आकड्याच्या खाचाही भरल्या. दोन झेंडूची फुलं ठेवली आणि उदबत्ती लावली.

पोकलेन आलं. तोच चालवणारा. उतरला, हात जोडले, बाजूनं गेला. लिंब मात्र त्याच दुपारी पाडला. लिंबाला कुणी शेंदूर लावला नव्हता.

थोड्या वेळानं राजाभाऊ आले. हातात कुंचा. शनिवारचा चुना लावायचा राहिला होता, तो लावायला आले होते. दगडाकडं पाहून उभे राहिले. मी शेळ्या हाकायचं नाटक करत होते.

"कोनी तरी लावलं वाटतं," मी म्हटलं. हे मी म्हटलं, या तोंडानं.

त्यांनी कुंचा बादलीत ठेवला, बादली तिथंच ठेवली आणि वस्तीकडं चालायला लागले. त्यानंतर शनिवारी ते आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दगडाशी तीन नारळ फुटलेले. कुणाची तरी हरवलेली म्हैस त्या दिवशी सापडली होती. म्हैस रोजच हरवायची आणि रोजच सापडायची, पण या वेळी दगडाच्या दिशेनं आली म्हणे. तुळजाबाईनं हिरवी चोळी आणली. पुरुष देव आहे की बाई हे ठरलेलं नव्हतं म्हणून एकीनं चोळी आणि दुसरीनं टोपी घातली. आठवड्यात नावही पडलं, मैलोबा. बाया मला विचारायच्या, "अक्का, तुमच्या बांधावरचा देव. याला निवद काय लागतो?" आणि मी सांगायची. पुरणाचा, म्हणून सांगितलं मी. मला काय ठाऊक? तोंडाला आलं ते सांगितलं.

त्या आठ दिवसांत मी एक तांब्या पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन गेले असते तर शेंदूर निघाला असता. ओला होता. मीच लावलेला, मीच काढला, कुणी काय बोललं असतं? म्हातारी चळली म्हणाले असते, तेवढंच. पण सडक अजून व्हायची आहे, अजून चार दिवस राहू दे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि दुसरंही होतं. सत्तरी ओलांडली तरी आजवर मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं. आता रोज येत होते. ते मला गोड लागलं.

मग जगन्नाथशेठ आले. त्यांचा ढाबा नव्या सडकेच्या पलीकडच्या अंगाला. ते म्हणाले, देवाला उघड्यावर ठेवू नये. अपूर्व साहेबालाही मोकळी जागा हवीच होती, कारण सडक अर्धी अडली होती. देव फोडता येत नाही, पण हलवता येतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भटजी बोलावला, पूजा झाली, क्रेन आलं. हार घातलेला नववा मैल वाजतगाजत सडक ओलांडून ढाब्याच्या अंगणात गेला. जुन्या जागेपासून दीड-दोनशे पावलं. बाया माझ्या पाया पडल्या. मी फुगडीसुद्धा खेळले, गुडघे दुखत असताना.

ढाब्यावर फरशीचा ओटा बांधला. चांदीचे डोळे आणले. दगडाचं तोंड सपाट नव्हतं, आकड्याच्या खाचा मध्ये येत होत्या, डोळे बसेनात. पाथरवटानं छिन्नी घेतली आणि तोंड साफ केलं. उर्दूचा आकडा गेला. दुसरं अंग भिंतीला लागेना, म्हणून इंग्रजीही तासून काढला. हे मला शिवाजीनं सांगितलं. त्यानं त्या दिवशी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता.

राजाभाऊ ते पाहायला आले, हेही शिवाजीनंच सांगितलं. ते ओट्याशी गेले आणि सवयीनं हात पुढं केला, खाच चाचपायला. ढाब्यावरचा एक जण म्हणाला, "ओ काका, हात नका लावू. लांबूनच घ्या दर्शन." गाव जुनं आहे. कुणाला लांबून म्हणायचं, हे त्याला सांगावं लागत नाही. राजाभाऊंनी हात मागं घेतला. म्हणाले, "दर्शन न्हाई घ्यायचं, बाबा. वळख व्हती जुनी." आणि निघाले.

मी तीन दिवस घरात बसले. चौथ्या दिवशी वस्तीत गेले. मोनालीनं खुर्ची दिली, चहा दिला. राजाभाऊ खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "राजाभाऊ, त्यो शेंदूर मी लावल्ता."

"ठाव हाय."

"कवापसून?"

"त्याच दिवशी. भाकर थापल्यावानी थापलेला व्हता. गडीमानूस असा न्हाई लावत." ते शेंगा सोलतच होते. "आन उदबत्ती तुमच्या घरचीच. तुमी अंगणात लावता ती. मला वास ठाव हाय."

"मंग बोल्ले काहून न्हाई? धुऊन काहून न्हाई टाकला?"

तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी धुतला असता अक्का? देवाचा शेंदूर? मी?" माझ्याकडं पाहिलं. "वस्तीतल्या मान्सानं देव धुतला म्हनून माझ्या घरापुढं कोन कोन आलं असतं, तुमाला ठाव न्हाई का? त्यो एका मान्सालाच धुता येत व्हता. मी आठ दिवस वाट पाह्यली."

मोनाली दारातून आत निघून गेली.

सासूबाईंचा तांब्या मला तेव्हा आठवला. त्यांनी निदान पाणी तरी नेलं होतं.

मी रडले, त्याचा कुणाला उपयोग नव्हता. राजाभाऊंनीच पुन्हा चहा सांगितला. नंतर म्हणाले, "एक करा. तुमाला लिव्हता येतं थोडं. लिहून ठिवा, नववा मैल कुठं व्हता. दगड गेला त गेला. जागा तरी कागदावर ऱ्हाऊ द्या. मोनालीला सांगून ठिवलंय मी, माझ्यामागं चुना लावाया तिला ती सापडाया पायजे."

दुसऱ्या शनिवारी शिवाजीनं आम्हाला नव्या सडकेवर सोडलं. टीचरनं वही दिली होती, मी पेन घेतलं. राजाभाऊंनी साखळी आणली होती. सडक पांढरी, सिमेंटची, सरळ, इतकी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येईना. मधल्या दुभाजकावर आम्ही दोघं म्हातारे उभे.

"बोला," मी म्हटलं. "कशापसून मोजायचं?"

"मोरीपसून लिव्हा. जुन्या मोरीपसून एकशे बारा पावलं."

मोरी नव्हती. तिच्या जागी जमिनीखालून सिमेंटचा नळ गेला होता, कुठून ते वरून कळत नव्हतं.

"मंग लिंबापसून. तुमच्या लिंबापसून सात."

लिंब नव्हता. माझा बांधही निम्मा सडकेखाली गेला होता, उरलेल्याला तारेचं कुंपण. मी माझं शेत ओळखलं ते एका शेळीमुळं, ती तारेत तोंड घालून आमच्याकडं पाहत होती.

राजाभाऊ चालायला लागले. दुभाजकावरून, खाली मान घालून, पावलं मोजत. एके ठिकाणी थांबले. "हितं." मी वही उघडली. ते म्हणाले, "थांबा, न्हाई." पुढं गेले. टाचेनं जमीन दाबली, मातीत दाबायचे तशी. सिमेंटवर टाच वाजली. "हितं असंल." मी लिहायला घेतलं. "न्हाई न्हाई, खोडा. चढ व्हता हितं. चढ कुठं गेला?" चढ कापून सरळ केला होता.

मोटारी हॉर्न वाजवत जात होत्या. ते परत मागं आले. तिसऱ्या जागी उभे राहिले, डोळे मिटले, आणि हात असा कमरेएवढा पुढं धरला, दगडाच्या डोक्यावर ठेवायचे तसा. थोडा वेळ हात तसाच हवेत होता. मग खाली घेतला.

"लिव्हू का?" मी विचारलं.

"मला ठाव न्हाई अक्का," ते म्हणाले. "मला सापडून नाही राह्यलं."

शिवाजी वळून आला आणि आम्हाला घेऊन गेला. घरी येऊन पाहिलं तर अंगणात ती बादली, बांध घेतला तेव्हा मी उचलून आणलेली. त्या सोमवारपासून मी तिच्यात पाणी घालायचं विसरले होते. चुन्याचा दगड झाला होता आणि कुंचा त्यात उभाच्या उभा अडकला होता. ओढला तर नुसती दांडी हातात आली.

वहीत जागा लिहायची होती ती अशी लिहिली आहे: जालन्याहून येताना, जगन्नाथशेठच्या ढाब्याच्या अलीकडं, माझ्या तारेच्या कुंपणाच्या आसपास. याहून नक्की मला लिहिता येत नाही. राजाभाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आसपास."